दुःख छापलं, खुर्ची राखली

‘दलित साहित्य आम्हीच तर छापलं’, हे वाक्य मराठी प्रकाशक ज्या ऐटीत बोलतात, ती ऐट आता पुरे झाली. प्रकाशनव्यवसायात सगळ्या समाजांना जागा आहे का, असा प्रश्न परिसंवादात निघाला की कुणीतरी हे वाक्य म्हणतं, मागोमाग ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘उचल्या’ ही नावं येतात, टाळ्या पडतात आणि विषय मिटतो. मी पुण्यात प्रकाशकांसाठी प्रूफं वाचते, संपादनाची कामं करते. पुस्तक वाचकाच्या हातात पडण्याआधी त्याचं काय काय होतं ते मला दिसतं. त्या टाळ्यांत मला सामील होता येत नाही.

काय छापलं आणि कुणाच्या अटीवर छापलं, हे विचारायचं राहूनच जातं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली. दोन्ही ‘ग्रंथाली’नं काढली, म्हणजे वाचकांची चळवळ म्हणून उभ्या राहिलेल्या संस्थेनं, पिढीजात प्रकाशनघराण्यांनी नव्हे. ‘उपरा’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे १९८८ साली लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’लाही मिळाला. मराठी गद्याला या पुस्तकांनी जे दिलं त्याची बरोबरी त्या काळातल्या फार थोड्या कादंबऱ्या करू शकतील. पण या यशातून आपल्या प्रकाशनव्यवसायानं काय शिकावं? या समाजांकडून आत्मकथन मागायचं, एवढंच. भूक दाखवा, बापाची दारू दाखवा, आईला झालेली मारहाण दाखवा, मग आम्ही छापतो. त्यापलीकडे तुम्हाला काही सुचत असेल, तर तो आमचा विषय नाही.

एका भटक्या जमातीतला तरुण माझ्या ओळखीचा आहे. त्यानं रहस्यकथा लिहिली. तालुक्याच्या गावातलं लॉज, एक बेपत्ता कंत्राटदार, एक हट्टी महिला फौजदार. कथानक घट्ट होतं, संवाद चुरचुरीत होते. ज्या प्रकाशकाकडे तो ते बाड घेऊन गेला, त्यानं चार पानं चाळली, आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं आणि म्हणाला, ‘हे कशाला लिहिता? तुमच्या पालावरच्या आयुष्यावर लिहा, ते चालेल.’ त्या मुलाचा जन्म पालावर झालेलाच नाही. त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते. ब्राह्मण लेखकाला कुणी ‘तुमच्या आजोबांच्या मुंजीवर लिहा’ असं सांगत नाही. त्याला हेर, चोर, शास्त्रज्ञ, शिवाजी महाराज, अमेरिकेतला घटस्फोट, सगळं मोकळं आहे. कल्पनाशक्ती एका जातीची मालमत्ता आणि अनुभव दुसऱ्या जातीचा, ही वाटणी कुणी केली? मी याला भेदभाव म्हणते, याहून सौम्य शब्द माझ्याकडे नाही.

आणि ही वाटणी वस्तुस्थितीलाही धरून नाही. अण्णा भाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले आणि तीसहून अधिक कादंबऱ्या लिहून गेले. त्यांत साहस आहे, प्रेम आहे, बंड आहे. शिवाय कथा, पोवाडे, लोकनाट्यं आणि रशियाचं प्रवासवर्णनही आहे. वाचकांनी ती डोक्यावर घेतली. ‘फकिरा’ १९५९ साली आली. समीक्षेनं मात्र कित्येक वर्षं त्यांना रंजक लेखकांच्या रांगेत बसवून ठेवलं. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३चा संग्रह कथांचा आहे, रचलेल्या, घडवलेल्या कथांचा. म्हणजे आत्मकथनांच्या लाटेच्या पंधरा वर्षं आधी इथे कल्पित साहित्य उभं होतं. लाट आली तेव्हा तेवढी लाटच दुकानात ठेवली गेली.

स्वयंपाकाची पुस्तकं घ्या. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि मराठी घराघरांत पोचली. उत्तम पुस्तक आहे. पण महाराष्ट्राचं अन्न म्हणजे तेवढंच, असं मानून आपल्या पाककृतींच्या बाजारानं पुढची कित्येक दशकं काढली. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं, मेलेल्या जनावराच्या मांसाच्या चान्या कशा वाळवल्या जात, तेल नसताना कोरड्यास कसं होई, हे शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये आलं ते २०१५ साली. पुण्यामुंबईच्या कुठल्याही बड्या प्रकाशकानं ते मागवलेलं नव्हतं, औरंगाबादहून ते निघालं. २०२४ साली एका मोठ्या कंपनीनं त्याचा इंग्रजी अनुवाद काढला, परीक्षणं आली, मग इकडच्या लोकांना त्या पुस्तकाचं नाव कळलं. ‘बलुतं’ इंग्रजीत जायला २०१५ साल उजाडलं होतं, सदतीस वर्षं. तिथला उशीर समजू शकतो. पाटोळ्यांच्या बाबतीत मात्र आपल्याच भाषेतल्या पुस्तकाची बातमी आपल्याला इंग्रजीकडून घ्यावी लागली. मला याची चीड येते.

आता माझ्या टेबलावर येते. ग्रामीण किंवा दलित, आदिवासी लेखकाचं हस्तलिखित माझ्याकडे येतं, तेव्हा सोबत तोंडी सूचना असते: संवाद बोलीत राहू द्या, निवेदन प्रमाण भाषेत आणा. म्हणजे पात्रं गावची चालतील, सांगणारा मात्र सदाशिव पेठेतला हवा. मी बार्शीकडची, शिंप्याची मुलगी. ‘ती म्हनली’ हे मला चूक वाटत नाही, तो आमच्या घरातला रोजचा उच्चार आहे. वाक्याचा ठेका त्या उच्चारावर बेतलेला असतो. तो काढला की वाक्य लंगडं पडतं आणि मग तेच प्रकाशक म्हणतात, ‘लेखकाला भाषेवर पकड नाही.’ पकड तुम्हीच सोडवली आहे. शेवटी पुस्तकाच्या मागे शब्दार्थांची यादी जोडायची. कोरड्यास म्हणजे काय, येसर म्हणजे काय, पाल म्हणजे काय. चित्राहुती म्हणजे काय, आपोष्णी म्हणजे काय, याची यादी मी आजवर एकाही पुस्तकाच्या मागे पाहिलेली नाही, आणि ब्राह्मणी जेवणाच्या विधीतले हे शब्द महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांना ठाऊक नसतात. कुणाला वाचक धरलं आहे आणि कुणाला परका, हे त्या शेवटच्या दोन पानांवर स्पष्ट छापलेलं असतं.

हे आजचं नाही, हे मला माहीत आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांमुळे ते नाकारलं गेलं, असं त्यांनी स्वतःच ‘गुलामगिरी’त नोंदवलं आहे. ते नाटक छापून यायला १९७९ साल लागलं. एकशे चोवीस वर्षं! १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण पाठवलं तेव्हा फुल्यांनी ते नाकारलं आणि का नाकारतो तेही रोखठोक लिहून कळवलं. त्या पत्राचा उल्लेख दरवर्षी संमेलनाच्या हंगामात होतो. त्यातल्या आक्षेपाला उत्तर द्यायला कुणी बसत नाही. १९२० साली डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं, तेव्हा पैसे देऊन जाहिरात छापायलाही ‘केसरी’ तयार झाला नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांचं भाषण रद्द केलं, तर त्यांनी ते स्वतःच्या खर्चानं छापून काढलं. आज ते पुस्तक जगभरच्या विद्यापीठांत वाचलं जातं. पुढेही तेच झालं. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेत ‘अस्मितादर्श’ उभं केलं, पुण्यात विलास वाघांनी ‘सुगावा प्रकाशन’ चालवलं, नागपुरातून योगेश मैत्रेय यांनी ‘पँथर्स पॉ’ काढलं. ज्यांना दार बंद होतं त्यांनी स्वतःचं घर बांधलं. त्या घराकडे बोट दाखवून ‘त्यांची त्यांची वेगळी प्रकाशनं आहेतच की’ असं म्हणणाऱ्या माणसाशी बोलताना मला संयम ठेवता येत नाही.

बेबीताई कांबळे यांचं उदाहरण मी पुन्हा पुन्हा सांगते आणि सांगत राहीन. फलटणला त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. रद्दीचे, पुड्या बांधायचे कागद वाचत वाचत त्यांचं वाचन वाढलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या लिहायच्या आणि नवऱ्याला, मुलाला कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवायच्या. अशी वीस वर्षं ते लिखाण घरात दडून राहिलं. ते बाहेर यायला कोण कारण झालं? अमेरिकेत जन्मलेल्या आणि फलटणला येऊन स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी विचारपूस केली, छापायचा आग्रह धरला. मग १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. पुणे ते फलटण एसटीनं तीन-चार तासांचं अंतर. त्या वीस वर्षांत पुण्यातला एकही संपादक त्या रस्त्यानं लेखिका शोधत गेला नाही. हस्तलिखित दारात येईल आणि आम्ही निवड करू, ही जी बसून राहण्याची पद्धत आहे, तिनं किती वह्या चुलीत गेल्या असतील याचा विचार करवत नाही. मानाच्या खुर्चीचंही तेच. अध्यक्षा तारा भवाळकरांपर्यंत म्हणजे २०२५पर्यंत अठ्ठ्याण्णव मराठी साहित्य संमेलनं झाली आणि त्यांत स्त्री अध्यक्ष सहा. पहिले दलित अध्यक्ष, शंकरराव खरात, १९८४ साली जळगावला. यावर आणखी काय बोलायचं?

‘मागणी नाही हो’ हे दुसरं ठेवणीतलं वाक्य. ६ डिसेंबरला, आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, दादरला या. शिवाजी पार्कात पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथे खांद्याला पिशवी लावलेले, अनवाणी, विदर्भ-मराठवाड्यातून रेल्वेनं रात्रभर उभे राहून आलेले लोक पुस्तकं विकत घेतात. उसनी नव्हे, भेट नव्हे, विकत. दीक्षाभूमीवर दसऱ्याला तेच. माझ्या पाहण्यात एवढ्या गरीब वाचकानं एवढ्या निष्ठेनं पुस्तकावर पैसे खर्च केल्याचं दुसरं उदाहरण नाही. या वाचकासाठी आपले नामवंत प्रकाशक काय करतात? बहुतेक तिथे फिरकतही नाहीत. आणि सरकार? डॉ. आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचे खंड राज्य शासन १९७९पासून काढतं. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. २०२१ साली ‘लोकसत्ता’त बातमी आली: नऊ लाख प्रती छापायचं ठरलं, त्यासाठी सुमारे साडेपाच कोटींचा कागद घेतला आणि चार वर्षांत छापल्या तेहतीस हजार. कागद गोदामात पडून होता. मुंबई उच्च न्यायालयानं त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. वाचक उभा होता, कागद विकत घेतलेला होता, लेखक आंबेडकर होते, आणि तरी पुस्तक मिळत नव्हतं. याला मागणीचा अभाव म्हणणाऱ्यानं आधी त्या गोदामात जाऊन यायला हवं होतं.

मग अडतं कुठे? निर्णयाच्या खुर्चीत. कुठलं बाड घ्यायचं, कुठलं परत करायचं, कुणाला पुठ्ठा बांधणी द्यायची, कुणाची जाहिरात करायची, कुणाचं पुस्तक पुरस्काराला पाठवायचं, हे ठरवणारी माणसं एकाच वर्तुळातली आहेत. त्यांची लग्नं, शाळा, सोसायट्या, दिवाळी अंक सगळं एकमेकांत गुंतलेलं. आपल्याकडे याची साधी मोजदादही नाही. अमेरिकेत ‘ली अँड लो’ या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेनं २०१५ साली सगळ्या व्यवसायाची पाहणी केली, तेव्हा ७९ टक्के नोकरवर्ग गोरा निघाला. २०१९ साली ७६ टक्के. आकडा लाजिरवाणा आहे, पण त्यांनी तो स्वतः मोजून जाहीर केला. भारतात ऑक्सफॅम आणि ‘न्यूजलाँड्री’नं २०१९ साली वृत्तमाध्यमांची पाहणी केली. न्यूजरूममधल्या नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय निघाले. पुस्तकांच्या धंद्याची अशी पाहणी करा म्हटलं की आपले प्रकाशक दुखावतात. ‘आम्ही जात बघत नाही’, म्हणतात. आडनाव आणि मूळ गाव मग कशाला विचारता?

पैशाबद्दल उघड बोललं पाहिजे. आज मराठीत नव्या लेखकाला सर्रास सांगितलं जातं की खर्च तुम्ही करा, तीनशे प्रती काढू, त्यातल्या शंभर-दीडशे तुम्हीच घ्या. ज्याच्या घरी दोन पगार आहेत त्याला हे परवडतं. ऊसतोड करणाऱ्यांच्या घरातला शिक्षणसेवक हे पैसे पतसंस्थेतून कर्ज काढून भरतो. अशी माणसं मला भेटली आहेत. कवितासंग्रहाचे हप्ते फेडत असतात आणि प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली असतात, कारण वितरण प्रकाशकानं केलेलंच नसतं. त्यावर प्रकाशकाचं बोधचिन्ह मात्र ठळक असतं. गुणवत्तेवर निवड करतो, असं हेच लोक व्यासपीठावरून सांगतात. ज्या पुस्तकाचा खर्च लेखक करतो त्यात निवड कसली? तिथे ऐपत तपासली जाते. आणि नांदेडचा किंवा नंदुरबारचा छोटा प्रकाशक स्वतःच्या हिमतीवर चांगलं पुस्तक काढतो तेव्हा वितरकांच्या कमिशनात आणि ग्रंथालय खरेदीच्या याद्यांत त्याचा जीव जातो. वाहरू सोनवणे यांची भिली जाणिवेची कविता ‘गोधड’ १९८७ साली आली. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात ती आहे का, जाऊन पाहा.

मुस्लिमांचा प्रश्न मी थोडक्यात मांडते, कारण तो मांडायला त्यांचीच माणसं समर्थ आहेत. हमीद दलवाई १९६५ साली ‘इंधन’ ही कादंबरी लिहून गेले. तरीही १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवावं लागलं, कारण मराठी लिहिणाऱ्या मुस्लिमाला दोनच भूमिका दिल्या गेल्या होत्या: एक तर स्वतःच्या समाजावर कोरडे ओढणारा सुधारक, नाहीतर संतवाङ्मयाचा अभ्यासक. कोल्हापूरच्या एखाद्या बागवानाच्या घरातली साधी प्रेमकथा कुणी मागितली नाही.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगणार, कारण ती माझ्या कामाची आहे आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. दृष्टिहीन वाचक. लेखन दृष्टिहीनांना सुलभ करून देणारा मराकेश करार मान्य करणारा जगातला पहिला देश भारत होता, जून २०१४. त्याच्या दोन वर्षं आधी आपल्या कॉपीराइट कायद्यातही तशी तरतूद झाली. कायद्यानं दार उघडलं. पण मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी अजूनही मोठ्या प्रमाणात श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टमध्ये होते. पडद्यावर ‘आई’ दिसते, पण संगणकाच्या लेखी आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा असतो. मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे थबकतं. युनिकोडमध्ये जुळणी केली तर तीच फाइल दृष्टिहीन वाचकाला त्याच दिवशी ऐकता येईल. मी हे प्रकाशकांना सांगितलं आहे. उत्तर मिळतं, ‘छपाईत जोडाक्षरं बिघडतात, आणि असे वाचक कितीसे?’ जोडाक्षरं बिघडू न देणारे युनिकोड फॉन्ट आता आहेत, शिकायचे कष्ट तेवढे हवेत. आणि वाचक किती ते स्वागत थोरातांना विचारा. २००८पासून ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक ते मराठीत चालवत आले. एक माणूस जे करतो ते अख्ख्या व्यवसायाला जमत नाही, यात अडचण तंत्राची नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. लेखकाकडून पैसे घेऊन काढलेल्या पुस्तकावर तसं स्पष्ट छापा, म्हणजे निवडीच्या गप्पा बंद होतील. निवेदनाची बोली लेखकाच्या लेखी संमतीशिवाय बदलू नका. पुढे मला असं काम दिलंत तर मी ते परत पाठवीन, मानधन गेलं तरी चालेल. संपादनाच्या कामावर गडचिरोलीचा, नंदुरबारचा, मालेगावचा, धारावीचा तरुण पगार देऊन ठेवा. शिकाऊ म्हणून फुकट राबवू नका, कारण फुकट राबणं पुण्यात स्वतःचं घर असलेल्यालाच परवडतं. त्याला प्रूफं तपासायला देऊ नका, बाडं निवडायला द्या, आणि त्यानं रहस्यकथा निवडली तर ती छापा.

आणि पुस्तकाच्या चौथ्या पानावर एक ओळ वाढवा. तिथे मुद्रकाचं नाव असतं, त्याच्या गल्लीच्या पत्त्यासकट. अक्षरजुळणी करणाऱ्या बाईचं असतं, मुखपृष्ठकाराचं असतं, कधी माझंही असतं. हे पुस्तक छापायचं असं ज्यानं ठरवलं त्याचं नाव तिथे कधीच नसतं. ते छापा. वर्षाच्या शेवटी तुमच्या सूचीतली ती सगळी नावं एकाखाली एक लिहून भिंतीवर लावा, आणि तुमच्याकडे बाड घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ती वाचू द्या.